कुऱ्हाडीमागून येणारी बुरशी

श्रावणात आलापल्लीहून भामरागडकडे निघालेला पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो. पाऊस एवढा पडतोय, मग साग वाळला कसा? रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऐन, धावडा, बिबळा गच्च हिरवे असतात आणि मध्येच सागाचे आख्खे पट्टे तपकिरी दिसतात. खाली उतरून पान हातात घेतले, तर शिरांची जाळी तेवढी उरलेली असते. फोटो काढले जातात, ‘गडचिरोलीच्या सागाला रोग’ अशी ओळ त्याखाली येते आणि तो फोटो मोबाइलवरून नागपूर-पुण्यापर्यंत पोचतो.

वनरक्षकाला यात नवे काही नसते. ही अळ्यांची करणी आहे. हायब्लिया नावाच्या पतंगाची अळी मृगाच्या पावसाबरोबर फुटलेली कोवळी पालवी फस्त करते. युटेक्टोनाची अळी मागाहून येते, जून पानांतला हिरवा गर खाते आणि जाळी मागे ठेवते. साग याने मरत नाही. तो पुन्हा पालवतो. त्या वर्षी खोड जाड होण्याचे राहते, एवढाच तोटा. लाकडाच्या हिशेबात तो तोटा लहान नाही आणि म्हणून जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने या पतंगांच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीचे प्रयोग केले. पण बुरशीचा आणि या तपकिरी पट्ट्यांचा काही संबंध नाही.

संबंध असतो तो पुढच्या दृश्याचा. पाऊस सरून गारवा पडू लागला की, सागाच्या पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी-पिवळी भुकटी दिसते. बोट फिरवले तर बोटाला लागते. हा सागाचा तांबेरा, ऑलिव्हिया टेक्टोनी या बुरशीचा. गव्हावरचा तांबेरा पाहिलेला शेतकरी तो चटकन ओळखतो आणि घाबरतो. पण मोठ्या सागाची ती पाने नाहीतरी उन्हाळ्यापर्यंत गळायचीच असतात. तांबेरा त्यांना थोडे आधी पाडतो. तो खरा नडतो रोपवाटिकेत, जिथे रोपाला पानांवाचून दुसरे भांडवल नसते.

तिसरा प्रकार बांबूचा. मानवेल कित्येक दशकांतून एकदा फुलतो, बी टाकतो आणि रांजीच्या रांजी वाळून उभ्या राहतात. तेही पुष्कळांना रोगासारखे वाटते. तो त्या झाडाचा जीवनक्रम आहे.

ज्या तीन गोष्टींनी माणसे घाबरतात, त्यांतली एकही चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल मारत नाही. मारते ती बुरशी खोडाच्या आत आणि मुळांत असते, तिचा फोटो निघत नाही आणि बहुतेक वेळा तिला आत जायची वाट आपणच करून दिलेली असते. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळा त्याचा तपशील.

तो तपशील बघायला जंगलात जायचीही गरज नाही, लाकडाच्या आगारात जावे. बल्लारपूरच्या आगारात देशभरचे व्यापारी येतात. आलापल्लीच्या सागाचा सोनेरी रंग आणि त्याच्या रेषा यांची कीर्ती जुनी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो इथूनच. थप्प्यांमधून फिरणारा मुरलेला खरेदीदार साल बघत नाही, कापलेले टोक बघतो. मधोमध काळपट डाग आहे का, लाकूड भुसभुशीत झाले आहे का, की सरळ भोकच पडले आहे? पोकळ नगाची किंमत किती उतरते हे ज्याला विचाराल तो सांगेल. तो नग पोकळ का झाला, याचे उत्तर मात्र आगारात मिळत नाही. ते वीस-चाळीस वर्षांपूर्वी, त्या झाडाच्या बुंध्याशी घडलेले असते.

सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. वाळवी आणि बुरशी त्यांना बिचकतात, म्हणून वाड्यांच्या तुळया शंभर-दीडशे वर्षे टिकल्या. त्यावरून सागाला काही होत नाही असा समज पसरला. उभ्या झाडाची गोष्ट वेगळी. जिवंत झाडाचे पहिले संरक्षण म्हणजे साल. साल अखंड आहे तोवर गाभा सडवणाऱ्या बुरशांना आत शिरता येत नाही. त्यांचे बीजाणू हवेत कायम असतात, पण बाहेरच राहतात. फांदी मोडून खुंट उरला, कुऱ्हाडीचा घाव बसला, वणव्याने बुंध्याशी साल भाजली, की उघड्या लाकडावर ते रुजतात. मग बुरशी सावकाश, वर्षाला थोडी थोडी, गाभा खात वर चढते. झाड हिरवे असते, कारण पाणी वाहते ते बाहेरच्या रसकाष्ठातून आणि गाभा हा तसाही निर्जीवच. पुष्कळ वर्षांनी खोडावर लाकडासारखे टणक छत्र बाहेर येते. ते दिसले म्हणजे आतले काम बरेचसे उरकलेले असते.

भारतात या विषयाचा पाया घातला तो डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत के. डी. बागची आणि त्यांच्यानंतर बी. के. बक्षी यांनी. बक्षी यांचा वनवृक्षांच्या रोगांवरचा ग्रंथ १९७६ चा. त्या परंपरेने सांगितलेली एक साधी गोष्ट आपल्या जंगलाला थेट लागू पडते. आपले बरेचसे साग हे बियाण्याचे नाहीत, ते तोडलेल्या झाडाच्या ठुंठावर आलेले फुटवे आहेत. ठुंठ उंच ठेवले तर फुटवा उंचावर येतो, जुन्या लाकडाला चिकटून वाढतो आणि ठुंठ कुजू लागले की ती कुज फुटव्याच्या गाभ्यात उतरते. तोड जमिनीलगत, धारदार हत्याराने आणि साल न फाडता झाली, तर फुटवा खालून निघतो, स्वतःची मुळे धरतो आणि बऱ्याच अंशी वाचतो. वनखात्याच्या नियमांत हे जुन्या काळापासून आहे. पण तोडणारा मजूर नगावर पैसे घेतो आणि वाकून तोडायला वेळ जास्त लागतो. सरपणासाठी किंवा चोरीने तोडणारा तर कमरेच्या उंचीवर घाव घालून निघून जातो. त्या ठुंठावर फुटलेला साग पुढची तीस वर्षे सरकारी हिशेबात ‘उभे झाड’ म्हणून मोजला जातो.

आता वणवा. महाराष्ट्रात वणव्यांचे सर्वाधिक उपग्रह-इशारे गडचिरोलीतून येतात आणि त्यातले फार थोडे वणवे निसर्गाने लावलेले असतात. मार्चमध्ये मोह पडू लागतो. पाचोळ्यात फुले दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला कोवळी, मोठी पाने यावीत म्हणूनही आग लावली जाते. ही आग वरवर चालते, मोठी झाडे जाळत नाही, म्हणून कुणाला तिचे फारसे वाटत नाही. पण उतारावर पाचोळा झाडाच्या वरच्या अंगाला साचलेला असतो, तिथे आग रेंगाळते आणि त्या बाजूची साल आतून मरते. दोन-तीन वर्षांनी ती गळून पडते व बुंध्याशी त्रिकोणी उघडे लाकूड दिसू लागते. पुढच्या आगीत ते आणखी कोरले जाते. बिबळा, शिसव, हळदू, मोह, कुणीच यातून सुटत नाही. वणव्याची नुकसानी कागदावर हेक्टरांत लिहिली जाते. भाजलेल्या बुंध्यांतून पुढे आत शिरलेल्या बुरशीला त्या कागदावर रकाना नाही.

त्यात डिंकाची भर. कुलू आणि सालई यांना डिंकासाठी खाचा पाडतात. खाच उथळ, अरुंद असली आणि झाडाला पुढची दोन वर्षे विश्रांती मिळाली तर जखम भरते. भाव चढला की खाचा खोल जातात, एकाच खोडावर चहूबाजूंनी पडतात, आणि मग झाड उभ्या उभ्या संपते.

मुळांची बुरशी हा याहून अवघड मामला. गॅनोडर्मा हे तिचे ओळखीचे नाव. लाल-तपकिरी, वार्निश लावल्यासारखे चकाकणारे तिचे छत्र खैराच्या बुंध्याशी दिसते. नैसर्गिक जंगलात ती इथे-तिथे एखादे झाड घेते. पण जुने जंगल साफ करून, ठुंठे व मुळ्या जमिनीतच ठेवून, वर एकट्या खैराची लागवड केली, की त्या जुन्या मुळ्यांवर पोसलेली बुरशी नव्या मुळांना मुळे टेकतील तशी पसरत जाते आणि लागवडीत गोल गोल मोकळे पट्टे पडू लागतात. उपाय फवारणीचा नाहीच. ठुंठे काढा, रोगी पट्ट्याभोवती चर खोदून मुळांचा संपर्क तोडा आणि मुख्य म्हणजे एकाच जातीची लागवड करू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत मिश्र जंगल काढून एकजात सागाच्या रांगा उभ्या केल्या गेल्या, त्यावर वाद पुष्कळ झाले. ते बहुधा वाघांच्या, रानमेव्याच्या आणि गावांच्या हक्काच्या बाजूने झाले. रोगाच्या बाजूनेही तो वाद तितकाच खरा आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर वाचक बुरशीला शत्रू समजून बसेल. पावसाळ्यात याच जंगलातून टेकोडे आणि सात्या ही खायची अळंबी येते. चंद्रपूरच्या बाजारात पानावर मांडलेल्या वाट्याला मटणाचा भाव असतो. पडलेली झाडे माती होतात ती बुरशीमुळे आणि जंगलातल्या बहुतेक झाडांची मुळे तिच्याच मदतीने जमिनीतले अन्न उचलतात. पोकळ झाडही वाया गेलेले नसते. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’, १९५३ पासून राखलेला आणि २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरलेला सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा, तिथे जुन्या झाडांच्या ढोल्यांत धनेश, घुबडे, मधमाश्या राहतात. तिथली पोकळी बुजवायला जाणारा माणूस जंगलाचा मित्र नव्हे. प्रश्न बुरशी असण्याचा नाही. कोवळ्या आणि मध्यम वयाच्या झाडांच्या अंगावर आपण किती जखमा करतो, याचा आहे.

तो कसा सोडवायचा, याचे उत्तर एका गावाने दिले आहे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला हजार हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने बसून नियम केले आणि त्यांत एक निर्णय असा घेतला की बाहेरच्यांना वेडेपणा वाटावा: तेंदूपत्ता तोडायचा नाही. पत्त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगल पेटवले जाते, असे कारण दिले गेले. पाने राहिली तर फळे मिळतील, ती माणसे व पाखरे खातील. रोजगार बांबूवर उभा केला. परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावबद्दल आवर्जून लिहिले ते यासाठीच. बुरशीचे नावही न घेता त्या ग्रामसभेने तिच्या दोन्ही वाटा, कुऱ्हाड आणि आग, बंद केल्या.

सगळ्या गावांनी पाचगाव व्हावे असे म्हणणे सोपे आणि अन्यायाचे आहे. गडचिरोलीच्या शेकडो गावांत मे महिन्यात हाती येणारा तेंदूचा पैसा हाच पावसाळ्यापूर्वीचा रोख पैसा असतो; त्यातून बियाणे येते, लग्ने उरकतात. त्यांना मधला रस्ता आहे: आग न लावता फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई करणे. झुडूप जमिनीलगत छाटले की पाने तितकीच कोवळी येतात. त्याला मजुरी लागते, आगीला काडी पुरते. ही मजुरी कंत्राटदाराच्या करारात लिहून घेणे ग्रामसभेच्या हातात आहे. मोहाखाली पाचोळा झाडून, ढीग दूर नेऊन किंवा जाळी अंथरून फुले वेचता येतात. जाळी महाग वाटते, पण ती वर्षानुवर्षे चालते.

इथवर घरच्या रोगांचे झाले. बाहेरून येणाऱ्या रोगाची गोष्ट वेगळी आणि ती गडचिरोलीतल्या सिरोंच्यापासून फार लांब नाही.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर प्राणहिता-गोदावरीपलीकडे, तेलंगणात, कडुनिंब शेंड्याकडून वाळू लागले. गावेच्या गावे हबकली, कारण कडुनिंबाला काही होते हेच कुणी ऐकले नव्हते. ही शेंडेमर फोमॉप्सिस अझाडिराक्टी या बुरशीची. कर्नाटकातल्या संशोधकांनी तिचे वर्णन १९९७ मध्येच करून ठेवले होते. जोडीला ढेकण्या, कोकणातल्या काजू बागायतदाराचा जुना वैरी. तो कोवळ्या फांदीतून रस शोषतो आणि त्याने केलेल्या छिद्रांतून बुरशीला आत जायला सोपे होते. पुन्हा तेच: आधी जखम, मग रोग. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यातल्या बऱ्याच झाडांना नवी पालवी फुटली. घाबरून तोडलेल्यांना ती संधी मिळाली नाही. ही बुरशी बियांतूनही जाते. नदी ओलांडायला तिला पुलाची गरज नाही; निंबोळ्यांचे एक पोते पुरे.

यापेक्षा मोठे भय सेराटोसिस्टिस या कुळाचे. हवाई बेटांवर ओहिया नावाचे झाड आहे, तिथल्या रानाचा कणा. २०१४ मध्ये कळले की ते एका नव्या रोगाने मरते आहे. झाडाच्या नळ्या बुरशी तुंबवते आणि मोठे झाड काही आठवड्यांत लाल पडते. दहा लाखांहून जास्त झाडे गेली. बुरशी आत शिरते ती जखमेतून. खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा भुसा वाऱ्याने उडतो, तो तिचे बीजाणू वाहून नेतो. तिथे आता रानात जाताना-येताना बूट घासायचे, हत्यारे सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायची, ओहियाचे लाकूड बेटाबाहेर न्यायचे नाही, असे नियम आहेत.

हवाई लांब आहे. सांगोला लांब नाही. डाळिंबाचा ‘मर’ रोग सेराटोसिस्टिस फिम्ब्रिआटा या याच कुळातल्या बुरशीचा. १९९० च्या सुमारास विजापूर भागात तो लक्षात आला आणि पुढे सोलापूर, सांगली, नाशिकच्या बागांत शिरला. तेल्या रोगाशी झुंजून दमलेल्या बागायतदाराला मर आणि खोडाला बारीक भोके पाडणारा भुंगेरा यांनी गाठले. सांगोला-आटपाडीत बागा उपटल्या गेल्या. याच फिम्ब्रिआटाने ब्राझीलमध्ये सागाच्या लागवडी वाळल्याची नोंद २०१० नंतर झाली आहे. या बुरशीचे अनेक वाण असतात आणि एका पिकावरचा वाण दुसऱ्या झाडाला मारेलच असे नाही. डाळिंबाचा मर उद्या आलापल्लीच्या सागावर उडी घेईल असे मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. पण भारत हा जगातला सर्वांत मोठा साग-आयातदार. म्यानमारने २०१४ मध्ये गोल लाकडाची निर्यात थांबवल्यापासून आपल्या बंदरांवर दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या लागवडींचे ओंडके वाढले आहेत. आपला तांबेरा आशियातून निघून २००० नंतर त्याच लागवडींमध्ये पोचला. परतीचा रस्ताही तोच आहे. २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आणि धुरीकरणाची सक्ती एवढ्यावर आपण निर्धास्त आहोत. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये आणि न्यूझीलंडमध्ये २०१७ मध्ये मर्टल तांबेरा शिरला, तेव्हा त्या देशांचे विलगीकरण आपल्यापेक्षा कितीतरी कडक होते. तो तांबेरा ज्या कुळातली झाडे खातो, त्यात आपले जांभूळ येते.

बागायतदार मार खाऊन शिकला. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना तो ती निर्जंतुक द्रावणात बुडवतो, मेलेले झाड मुळासकट काढून जागीच जाळतो, त्या खड्ड्यात लगेच रोप लावत नाही, शेजाऱ्याच्या बागेतले अवजार आत घेत नाही. आता सागाच्या रोपवाटिकेकडे बघा. वर्षाचे रोप गादीवाफ्यातून उपटतात, वरचे खोड आणि मुळाची टोके छाटून त्याची जडी करतात. एक कोयता दिवसभर शेकडो रोपांच्या ताज्या जखमांवरून फिरतो, मग त्या जड्या गोणीत भरून तालुका ओलांडून जातात. रोग पसरवायचा असे ठरवले असते तरी याहून नीट व्यवस्था लावता आली नसती. चांगल्या रोपवाटिकेत जड्या बुरशीनाशकात बुडवतात. कोयता स्पिरिटने पुसायची सवय तेवढी लावायची आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातलेच तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या काळात राज्याने २०१६ मध्ये दोन कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि २०१९ साठी ३३ कोटींचे उद्दिष्ट धरले. किती जगली यावर सभागृहात आणि वर्तमानपत्रांत भांडणे झाली. रोपे कुठून आली, पिशवीतली माती कुठली, मुळे तपासली का, हे त्या भांडणात फारसे कुणी विचारले नाही. मोठ्या आकड्यांच्या लागवडीबद्दल माझी तक्रार हीच आहे. स्थानिक बियाण्याचे, गावातल्या मातीत वाढलेले शंभर मोह मला परजिल्ह्यातून ट्रकने आलेल्या दहा हजार रोपांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात.

करायचे काय? जंगलावर औषध फवारणे हा उपाय नाही. ते शक्य नाही आणि झाले तर टेकोड्यांसकट सगळे मारील. हवी आहे ती नोंद. २००८ मध्ये विदर्भाचे सोयाबीन अळ्यांनी खाल्ले, तेव्हा राज्य जागे झाले आणि पुढच्याच वर्षी क्रॉपसॅप सुरू केला: ठरावीक शेतांत ठरावीक दिवशी माणूस जातो, कीड-रोग मोजतो, आकडे विद्यापीठात पोचतात, सल्ला गावात परत येतो. २०१४ च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेने वनांचे आरोग्य हा निकष मान्य केलेला आहेच. चंद्रपूरला वन प्रबोधिनी आहे, गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, जबलपूरला रोगतज्ज्ञ आहेत आणि जंगलात रोज फिरणारी माणसे तर गावागावात आहेत. प्रत्येक बीटमध्ये शंभर झाडे खुणेने ठरवा, वर्षातून दोनदा त्यांचा बुंधा, साल, शेंडा बघा आणि लिहून ठेवा. वनरक्षक आणि ग्रामसभेचा एक माणूस मिळून हे काम करू शकतात. त्याला नव्या योजनेची पाटी लागत नाही. सागाचा पुढचा हंगाम जड्यांच्या कापणीने सुरू होईल. त्याआधी प्रत्येक रोपवाटिकेत स्पिरिटची एक बाटली पोचवा, सुरुवात तिथून करा.